डेबियन टाकताना नेटच लागत नाही: वाचनालयाचे सहा लॅपटॉप, मदत हवी

पुस्तकवेडी | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी दोन तास काम बघते. पुण्यातल्या एका कंपनीने आम्हाला सहा जुने लॅपटॉप भेट दिले. सगळ्यांवर विंडोज १० होती. तिला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हे लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून समितीने ठरवलं की लिनक्स टाकायचं. दहावी-बारावीची मुलं इथे येऊन अर्ज भरतात, निकाल बघतात, त्यांच्यासाठी हे पुरेसं आहे.

माझ्याकडे डेबियन १२ ची (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) छोटी प्रतिमा, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल होती (नेटइन्स्ट म्हणतात ती). पेनड्राइव्ह नीट तयार झाला, बूटही होतो. भाषा, कीबोर्ड इथपर्यंत सगळं ठीक. पुढे नेटवर्कच्या पायरीवर गाडी अडते. आज दुपारी दोन ते सात बसले होते, एकही लॅपटॉप पुढे सरकला नाही. वाचनालयात ब्रॉडबँड आहे आणि तिथल्या जुन्या डेस्कटॉपवर ते व्यवस्थित चालतं, म्हणजे नेट नाही असं नाही.

मुलांना दिवाळीच्या सुट्टीनंतर देऊ असं सांगून बसले आहे. कुठून सुरुवात करू?

जुनाखांब | शनिवार, रात्री १०:१५

मिंट (लिनक्सचाच दुसरा प्रकार) टाका ताई. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, वायफाय दिसतं का ते टाकायच्या आधी कळतं. डेबियनच्या मागे कशाला लागताय?

आरजे४५ | शनिवार, रात्री ११:०५

जुनाखांब, मिंट चांगलंच आहे. पण ज्या कारणाने डेबियन अडतंय त्याच कारणाने मिंटही अडू शकतं. कारण शोधल्याशिवाय प्रणाली बदलली तर आणखी एक दुपार जाईल.

पुस्तकवेडी ताई, मी गेली बारा वर्षं लोकांच्या ऑफिसात नेटवर्क जोडून देतो. एक गोष्ट मनापासून सांगतो. ‘नेट लागत नाही’ हे एका बिघाडाचं नाव नाही. त्याच्या पोटात निदान पाच वेगवेगळे बिघाड असतात, आणि इन्स्टॉलर त्यातल्या तीन-चारांना जवळपास सारखाच निरोप दाखवतो. माणूस मग राउटर बंद-चालू करत बसतो, आणि खरा दोष नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) असतो. खालून वर एकेक पायरी चढत जायचं. ज्या पायरीवर पाय घसरेल तिथेच थांबायचं, वर बघायचंच नाही.

पहिली पायरी: कार्ड दिसतंय का?
दुसरी: वायरीत जीव आहे का, किंवा वायफायचा पासवर्ड जुळला का?
तिसरी: लॅपटॉपला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) मिळाला का?
चौथी: नावावरून पत्ता सापडतो का? म्हणजे डीएनएस.
पाचवी: मिररपर्यंत (डेबियनच्या फाइली देणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोचून फाइल उतरते का, आणि तिच्यावरची सही पटते का?

आता हे बघायचं कसं ते. पेनड्राइव्ह लावल्यावर पहिल्या मेनूत ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ ऐवजी त्याच्या खालचं साधं ‘इन्स्टॉल’ निवडा. दिसायला निळा-करडा, जुनाट पडदा येईल, पण त्यात ये-जा सोपी असते. अडलं की ऑल्ट आणि एफ२ एकदम दाबा. काळा पडदा येईल, एंटर मारा, प्रॉम्प्ट मिळेल. परत यायचं तर ऑल्ट आणि एफ१. ऑल्ट-एफ४ वर इन्स्टॉलरची नोंदवही सतत धावत असते, ती बघायची सवय लावा. वरच्या पडद्यावर जे दोन ओळीत सांगितलं जातं त्याचं खरं कारण बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं.

काळ्या पडद्यावर तीन गोष्टी बघा. ‘आयपी ए’ ही आज्ञा द्या (लहान अक्षरांत, मध्ये जागा सोडून). ‘लो’ नावाचं एक तर सगळ्यांनाच दिसतं, ते मोजायचं नाही. त्याच्याशिवाय ‘ईएन’ ने सुरू होणारं काही असेल तर ते वायरीचं कार्ड. ‘डब्ल्यूएल’ ने सुरू होणारं वायफायचं. त्यापुढे कंसात ‘नो-कॅरियर’ असं लिहिलंय का बघा. तसं असेल तर वायरीत जीवच नाही. आणि ‘आयनेट’ च्या पुढचा आकडा लिहून घ्या. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर पत्ता मिळाला. काहीच नसेल, किंवा १६९.२५४ असेल, तर समोरून कोणी उत्तर दिलेलं नाही.

सहाही लॅपटॉपांना १ ते ६ नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवा आणि प्रत्येकाचं वेगळं लिहा. सहांचं एकच कारण असेल असं धरून चालू नका.

पुस्तकवेडी | रविवार, दुपारी १:३०

दादा, चिठ्ठ्या लावल्या. तुम्ही म्हणालात तसं वेगवेगळंच निघालं!

१ ते ४: या चौघांना वायरीचं भोक आहे. डेस्कटॉपची वायर काढून यांना लावली. ‘ईएन’ वालं कार्ड दिसतं. १, २ आणि ४ ला नो-कॅरियर नाही, पण आयनेटपुढे काहीच नाही. पडद्यावर येतं की आपोआप जोडणी जमली नाही, तुमचं नेटवर्क बहुधा डीएचसीपी वापरत नसावं. ३ ला मात्र वायर लावूनही नो-कॅरियर येतंय आणि भोकाजवळचा दिवाही लागत नाही.

५: पातळ लॅपटॉप, वायरीचं भोकच नाही. तो म्हणतो इथरनेट कार्ड सापडलं नाही, खालच्या यादीतून ड्रायव्हर निवडा. ती लांबलचक यादी आहे. मी काल त्यातले चार-पाच निवडून पाहिले, काही झालं नाही.

६: याला माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिसला, पासवर्ड घेतला, पत्ताही मिळाला (१९२.१६८ वाला). मूळ प्रणाली टाकून झाली. पण शेवटी मिरर निवडायच्या पायरीवर म्हणतो की हा मिरर चालत नाही, दुसरा निवडा. तीन बदलले, तेच.

सगळ्यांना हॉटस्पॉटवरच टाकलं असतं, पण माझ्या फोनला दिवसाला दीड जीबी मिळतो. वाचनालयाचं नेट अमर्याद आहे, म्हणून वायरीचा हट्ट.

तिफण | रविवार, दुपारी २:१०

ताई, एक विचारू? वाचनालयात राउटर आहे का? का भिंतीतून आलेली वायर त्या छोट्या डबीतून निघून थेट डेस्कटॉपच्या मागे जाते? आमच्याकडं परभणीला कित्येक दुकानांत असंच असतं. केबलवाला येतो, डेस्कटॉपवर युजर आयडी-पासवर्ड टाकून एक जोडणी करून ठेवतो, आणि रोज संगणक चालू केला की ती जोडणी आपोआप लागते. लोकांना वाटतं वायर लावली की नेट आलं. खरं तर डेस्कटॉप आतून ‘डायल’ करत असतो.

पुस्तकवेडी | रविवार, दुपारी २:४०

तिफण, अगदी अस्संच आहे! राउटर नाही. डबीतून वायर थेट डेस्कटॉपला. विंडोजमध्ये ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ असं नाव दिसतं.

आरजे४५ | रविवार, दुपारी ३:२०

तिफण यांनी दुखणं बरोबर पकडलं. याला पीपीपीओई म्हणतात. तिथे पत्ता वाटणारा (त्यालाच डीएचसीपी म्हणतात) कोणी बसलेलाच नाही. आधी नाव-पासवर्ड सांगा, मग दार उघडतं. इन्स्टॉलर ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाका मारतो आणि समोर ऐकणारं कोणी नसतं. १, २ आणि ४ यांच्यात काहीच बिघाड नाही.

दोन वाटा आहेत. डेबियनचा इन्स्टॉलर पीपीपीओई स्वतः करू शकतो. पहिल्या मेनूत ‘इन्स्टॉल’ वर असताना बूटची ओळ संपादित करायची (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली यूईएफआय असेल तर ‘ई’, जुनं बायोस असेल तर टॅब) आणि ओळीच्या शेवटी ‘मॉड्युल्स’, बरोबरचं चिन्ह, ‘पीपीपी-यूडेब’ असं लिहायचं. मग तो आयडी-पासवर्ड विचारतो. सोय अस्सल आहे, पण सहा लॅपटॉपांना रोज वापरायला ही वाट बरोबर नाही, कारण अशी जोडणी एका वेळी एकालाच मिळते.

दुसरी वाट राउटरची. कुणाच्या घरी पडलेला जुना चालेल. डबीची वायर राउटरच्या वेगळ्या रंगाच्या भोकात, राउटरच्या पानावर पीपीपीओई निवडून आयडी-पासवर्ड भरा. तरीही लागलं नाही तर केबलवाल्याने डेस्कटॉपच्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवला असणार. राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ असा पर्याय असतो, तिथे डेस्कटॉपचा मॅक भरा, किंवा केबलवाल्याला फोन करून नवा बांधून घ्या. एकदा राउटर डायल करू लागला की तोच आतल्या सगळ्यांना पत्ते वाटतो. मग इन्स्टॉलरला काही सांगावंच लागत नाही.

३ नंबरला दुसरी वायर लावून बघा. दिवा लागत नाही म्हणजे वरच्या पायऱ्यांचा विचारच नको. वायरीच्या टोकाची ती प्लास्टिकची जीभ तुटलेली आहे का? तुटली की टोक आत बसल्यासारखं दिसतं, पण अर्धा मिलिमीटर मागे सरकलेलं असतं. दुसऱ्या वायरीनेही दिवा लागला नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आधी विंडोज होती म्हणता ना? विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद करताना ती कार्डाला गाढ झोपवून ठेवते, आणि काही कार्डं लिनक्सने हाक मारली तरी उठत नाहीत. मी हे डझनभर वेळा पाहिलंय.

५ आणि ६ चं नंतर. आधी हे.

अवनी_ठाणे | रविवार, दुपारी ४:००

५ नंबरच्या त्या यादीबद्दल. ताई, त्यातून अंदाजाने निवडून कधीच काही साधत नाही. जे ड्रायव्हर कर्नलबरोबर (लिनक्सच्या गाभ्याबरोबर) आहेत ते इन्स्टॉलरने आपणहून लावून पाहिलेलेच असतात. यादी दिसली याचा अर्थ एवढाच की त्याच्याकडे या कार्डासाठी काही नाही.

फोन यूएसबी वायरीने जोडून बघा ना. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ असतं. फोन स्वतःच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय वायरीतून लॅपटॉपला मिळतं, मोबाइलचा डेटा जात नाही! राउटर बसवलात की फोन त्या राउटरच्या वायफायला जोडा आणि फोनची वायर ५ नंबरला. लॅपटॉपला फोन म्हणजे एक साधं वायरीचं कार्ड वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

दोन गोष्टी जपा. एक, वायर डेटाची हवी. स्वस्त वायरींमध्ये नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, त्याने टेदरिंगचा पर्याय फिकाच राहतो, दाबता येत नाही. दोन, वायर निघाली किंवा लॅपटॉप रीस्टार्ट झाला की टेदरिंग आपोआप बंद होतं, ते दर वेळी फोनवर जाऊन पुन्हा चालू करावं लागतं. चालू केल्यावर इन्स्टॉलरच्या मुख्य मेनूत मागे येऊन ‘नेटवर्क हार्डवेअर शोधा’ ही पायरी परत चालवा.

सातासमुद्रापार | रविवार, संध्याकाळी ६:३०

(स्टुटगार्टहून. इथल्या एका दुरुस्ती-मंडळात दर महिन्याला लोकांचे जुने लॅपटॉप लिनक्सवर नेतो, म्हणून या धाग्यात जीव अडकला.)

राउटर आला की एक करा. सहा लॅपटॉपांवर तीच पॅकेजेस सहा वेळा उतरवू नका. १ नंबरवर सगळं टाकून झालं की त्याच्यावर ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ नावाचं पॅकेज टाका आणि त्याचा पत्ता बघून ठेवा. पुढच्या प्रत्येक लॅपटॉपवर इन्स्टॉलर ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ विचारतो, जिथे आपण सगळे रिकामं सोडून पुढे जातो. तिथे १ नंबरचा पत्ता आणि त्यापुढे पोर्ट ३१४२ लिहा. पहिल्याने उतरवलेली प्रत्येक फाइल बाकीच्यांना घरातूनच मिळेल. आमच्याकडे एका संध्याकाळी दहा-दहा यंत्रं अशी होतात.

काम झाल्यावर ती प्रॉक्सीची ओळ प्रत्येक लॅपटॉपवरून काढायला विसरू नका. नाहीतर १ नंबर बंद असला की बाकीच्यांचे अपडेट अडतील आणि परत ‘नेट नाही’ वाटेल.

पुस्तकवेडी | मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज १, २, ३, ४ झाले!

समितीच्या एका काकांनी घरचा जुना राउटर दिला. आयडी-पासवर्ड वाचनालयाच्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहिलेला सापडला. राउटर लावला तरी लाल दिवा. मग मॅक क्लोन केला आणि दहा सेकंदांत हिरवा. मी अक्षरशः टाळी वाजवली.

३ नंबरचं कारण वायरच. जीभ तुटलेली होती, दादा म्हणाले तशीच. डेस्कटॉपच्या मागे ती टेबलाला टेकून दाबली जायची म्हणून इतकी वर्षं चालली. बोटाने दाबून धरली तर ३ वर दिवा लागतो, सोडली की जातो. १, २ आणि ४ चं भोक जरा घट्ट आहे, त्यात ती बसते. बाजारातून नवी वायर आणली.

कॅशरची युक्ती तर सोन्यासारखी. १ नंबरला डेस्कटॉपसकट तासाच्या वर लागलं, २ ते ४ भराभर झाले.

आता ५ आणि ६.

जुनाखांब | मंगळवार, रात्री ९:४०

वा! मिंटचा सल्ला मी मागे घेतो. राउटर नसताना मिंटलाही पत्ता मिळालाच नसता, हे आता कळलं.

आरजे४५ | मंगळवार, रात्री १०:२०

६ नंबर. त्याला पत्ता मिळाला, मूळ प्रणाली बसली, अडलं ते मिररला. म्हणजे चौथी किंवा पाचवी पायरी. ऑल्ट-एफ२ वर ‘डब्ल्यूगेट’ पुढे डेब डॉट डेबियन डॉट ओआरजी लिहून एंटर करा. नाव सापडत नाही म्हणाला तर डीएनएस. मग ‘ईटीसी’ मधली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ नॅनोने उघडून नेमसर्व्हर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहा. फाइल उतरली तर डीएनएस ठीक, मग ‘डेट’ लिहून एंटर करा आणि तारीख सांगा. तारीख आधी बघितली तरी चालेल, माझा संशय तिथेच आहे.

पुस्तकवेडी | बुधवार, संध्याकाळी ७:४५

फाइल उतरली. तारीख १ जानेवारी २०१५!!

आणि ऑल्ट-एफ४ वर आता शोधलं तर ओळ आहे: रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, एवढ्या-एवढ्या दिवसांनी होईल. मी मिरर बदलत बसले होते, आणि मिररचा काही दोषच नव्हता.

एक कबूल करते. इन्स्टॉलर मध्ये ‘वेळेच्या सर्व्हरकडून वेळ घेत आहे’ म्हणत थांबला होता. मला वाटलं अडकला, म्हणून मी रद्द केलं.

आरजे४५ | बुधवार, रात्री ८:३०

तेच. पॅकेजांच्या यादीवर सही असते आणि तारीख असते. लॅपटॉप २०१५ मध्ये बसला असेल तर त्याच्या लेखी ती यादी भविष्यातली आहे, आणि भविष्यातली सही तो मानत नाही. तो बरोबरच वागतोय. विंडोज असो वा लिनक्स, घड्याळ चुकलं की सुरक्षित संकेतस्थळंही उघडत नाहीत, आणि लोक नेटला नावं ठेवतात.

बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ बरोबर करा आणि पुन्हा इन्स्टॉल करा. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. बहुतेकांत सीआर२०३२ असतो, लॅपटॉपात तो कधी कधी तारा जोडलेल्या पिशवीत असतो. घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलला नाही तर चार्जर काढून ठेवल्यावर पुन्हा २०१५.

गुरुजी_सोलापूर | बुधवार, रात्री ९:०५

धागा भरकटवत असेन तर माफ करा. आमच्या शाळेच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ स्वच्छ टाकली. सुरुवातीच्याच पानावर ‘नेटवर्कला जोडा’ म्हणते. वायफाय दिसत नाही, पुढे जायचं बटण फिकं. लिनक्सचा नाही, पण दुखणं तेच वाटतं.

अवनी_ठाणे | बुधवार, रात्री ९:३०

गुरुजी, दुखणं तेच आहे. नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट. त्यावर सगळ्यात सोपा उतारा तिथेही फोनची वायर, यूएसबी टेदरिंग. बहुतेक वेळा चालतं.

नाहीतर दुसऱ्या संगणकावरून लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून वायफायचा ड्रायव्हर उतरवा, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा. त्या पानावर शिफ्ट-एफ१० दाबा (काही लॅपटॉपांवर बरोबर एफएन पण दाबावं लागतं). काळी खिडकी येईल, तिथून ‘पीएनपीयूटिल’ ने आयएनएफ फाइल घालता येते. त्याच खिडकीत ‘ओओबीई’, उलटी तिरकी रेघ, ‘बायपासएनआरओ’ लिहून नेटशिवाय पुढे जायची वाट लोक वापरत आलेत. पण मार्च २०२५ मध्ये चाचणीच्या आवृत्तीतून ती काढल्याचं मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. ड्रायव्हर हाताशी ठेवणं हेच पक्कं.

पुस्तकवेडी | शुक्रवार, रात्री ८:००

६ झाला. सेल बदलला, आता चार्जर काढून रात्रभर ठेवला तरी तारीख बरोबर आहे.

५ नंबर: अवनीताईंची फोनची युक्ती लागू पडली. पहिली वायर चार्जिंगचीच निघाली, भाच्याची आणली. टेदरिंग चालू करून हार्डवेअर परत शोधायला लावलं तर यादीत ‘यूएसबी०’ आलं आणि पत्ता १९२.१६८.४२ ने सुरू होणारा मिळाला. पूर्ण डेबियन बसलं. पण चालू झाल्यावरही स्वतःचं वायफाय नाहीच. डेबियन १२ मध्ये फर्मवेअर आधीच घातलेलं असतं असं वाचलं होतं, मग हे का?

सातासमुद्रापार | शुक्रवार, रात्री ९:१०

बरोबर वाचलंय. पूर्वी डेबियन आपल्या अधिकृत प्रतिमेत असं फर्मवेअर ठेवत नसे, कारण त्याचा मूळ संकेत खुला नसतो. लोकांना वेगळी, अनधिकृत प्रतिमा शोधावी लागे किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवरून फर्मवेअर द्यावं लागे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी या प्रश्नावर मतदान घेतलं आणि १० जून २०२३ ला आलेल्या १२ पासून ते अधिकृत प्रतिमेत आलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. तुमच्या ६ नंबरचं वायफाय इन्स्टॉलरमध्येच चाललं ते त्याच निर्णयामुळे.

पण फर्मवेअर वेगळं आणि ड्रायव्हर वेगळा. फर्मवेअर कार्डाच्या आत चढवायचं, ड्रायव्हर कर्नलच्या बाजूला असतो. काही कार्डांचा ड्रायव्हरच खुला नाही, तो त्या प्रतिमेत नसतो. कोणतं कार्ड आहे ते बघा: टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’, जागा, ‘-एन’. ज्या ओळीत ०२८० असेल ती वायफायची. तिच्यातला पुढचा आठ अंकी-अक्षरी क्रमांक कळवा.

पुस्तकवेडी | शुक्रवार, रात्री ९:२५

१४ई४:४३६५

सातासमुद्रापार | शुक्रवार, रात्री ९:५०

१४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ४३६५ म्हणजे बीसीएम४३१४२. ओळखीचं पाखरू! कार्ड चांगलं आहे, फक्त त्याचा ड्रायव्हर डेबियनच्या ‘नॉन-फ्री’ विभागात आहे. नव्याने आलेला ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभाग वेगळा, त्यात हा येत नाही.

फोनची वायर लावलेलीच ठेवा. ‘ईटीसी’ मधल्या ‘अ‍ॅप्ट’ च्या फोल्डरातली ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ उघडा. जिथे ‘मेन’ लिहिलंय त्या ओळींच्या शेवटी ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हे दोन शब्द जोडा. मग अ‍ॅप्ट अपडेट. मग ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ आणि ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ ही दोन पॅकेजेस एकत्र टाका. हा ड्रायव्हर तिथल्या तिथे तुमच्या कर्नलसाठी बांधला जातो, म्हणून हेडर्स लागतातच. पडद्यावर दोन-तीन मिनिटं काही हलत नाही असं वाटेल, रद्द करू नका. मग रीस्टार्ट.

पुस्तकवेडी | शुक्रवार, रात्री ११:१०

रद्द केलं नाही :) बांधून झालं, चूक काही दाखवली नाही. रीस्टार्ट केलं, वायफाय नाही. ‘मॉडप्रोब डब्ल्यूएल’ दिलं तर म्हणतो, किल्ली नाकारली.

आरजे४५ | शुक्रवार, रात्री ११:२५

सिक्युअर बूट! म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी लॅपटॉपची सोय. विंडोज ८ च्या काळापासूनच्या लॅपटॉपांत ते चालूच येतं. डेबियनचं स्वतःचं कर्नल सही केलेलं आहे म्हणून बूट होतं. पण तुमच्या लॅपटॉपवर आत्ता बांधलेल्या ड्रायव्हरची सही मदरबोर्डला ओळखीची नाही.

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं ही सोपी वाट. पण मुलांच्या वापरातला लॅपटॉप आहे, तेव्हा मी सही ओळखीची करून देईन. डीकेएमएसने (ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनाने) एक किल्ली तयार करून ठेवलेली असते, ‘व्हार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’ या फोल्डरात ‘एमओके डॉट पब’ नावाने. ‘एमओकेयूटिल’ ला ‘--इम्पोर्ट’ सांगून ती फाइल द्या. एक पासवर्ड ठरवायला सांगेल, साधा ठेवा, एकदाच लागतो. रीस्टार्ट केल्यावर डेबियनच्या आधी एक निळा पडदा येईल आणि काही सेकंदच थांबेल. तेवढ्यात कुठलीही कळ दाबा, ‘एनरोल एमओके’ निवडा, तो पासवर्ड द्या. पडदा चुकला तर घाबरू नका, इम्पोर्ट पुन्हा करता येतं.

पुस्तकवेडी | शनिवार, दुपारी १२:४०

निळा पडदा पहिल्या वेळी निघून गेला, दुसऱ्या वेळी पकडला. किल्ली घेतली. डेबियन चालू झालं आणि वरच्या कोपऱ्यात वायफायचा पंखा! वाचनालयाचं नाव दिसलं, पासवर्ड दिला, लागलं. फोनची वायर काढली तरी चालतंय.

सहा झाले. शाळा सुटल्यावर चार मुली आल्या होत्या. त्यांनी ५ नंबरवरच शिष्यवृत्तीचं पान उघडून बघितलं.

तिफण | शनिवार, दुपारी १:१५

लई भारी ताई. एक ध्यानात ठेवा, पुढं कधी कर्नलचं अपडेट आलं की ५ नंबरचा ड्रायव्हर नव्यानं बांधावा लागतो. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हेच नाव टाकलंय ना? आवृत्तीचा आकडा असलेलं टाकलं असेल तर नव्या कर्नलचे हेडर्स येणार नाहीत, ड्रायव्हर बांधला जाणार नाही, आणि एक दिवस सकाळी वायफाय गायब दिसल.

पुस्तकवेडी | शनिवार, दुपारी १:५०

बघितलं, आकड्याशिवायचंच आहे. तरी ५ नंबरच्या खालच्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: कार्डाचा क्रमांक, दोन पॅकेजांची नावं, आणि ‘वायफाय गेलं तर फोनची डेटावाली वायर, कपाट क्र. २, वरचा खण’. प्रॉक्सीची ओळही २ ते ४ वरून काढली. ६ हॉटस्पॉटवर आणि ५ फोनच्या वायरीवर झाला, तिथे ती भरलीच नव्हती.